डावं-उजवं

सीटी स्कॅनच्या पडद्यावर माणसाचा उजवा कान डावीकडे दिसतो. बघणारा त्याच्या पायथ्याशी उभा आहे, असं यंत्राने धरलेलं असतं. त्या खोलीत वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. त्याची नजर बाजू आपोआप बदलून घेते. अडचण होते ती खोलीच्या बाहेर.

ताईची ती नेहमी व्हायची. ती सीटी विभागातली तंत्रज्ञ. ताई ती खरं म्हणजे एकट्या धाकट्याची, तिच्या भावाची. पण संध्याकाळी तिला न्यायला तो स्कूटर घेऊन यायचा आणि जिन्याच्या तळापासून "ताई, चल लवकर" म्हणून ओरडायचा, त्यामुळे सगळ्या मजल्याची ती ताई झाली होती. ओरडणारा गेला, नाव राहिलं. बाहेर पडल्यावर ती टॅक्सीवाल्याला तोंडाने "डावीकडे" सांगायची आणि हात उजवीकडे करायची. धाकटा बरोबर असला तर मागच्या सीटवरून पुढे वाकून म्हणायचा, "आमच्या ताईचं तोंड ऐकू नका हो, हात बघा. हात खरं बोलतो."

त्यावर आईसुद्धा हसायची. आईला त्या काळात हसायला येत असे.

ती तिघं दोन खोल्यांत राहायची. एकीला खिडकी होती आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, तिच्यावरून उतरणारे पाण्याचे पाइप. दुपारी थोडा वेळ त्या भिंतीवर उजेड यायचा, तो खोलीत यायचा नाही. धाकटा एका जागी टिकत नसे. छापखाना सोडला, टायरचं दुकान सोडलं, मग एका गोदामात लागला आणि तेही सोडलं. गोदाम सोडून घरी आला त्या दिवशी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

"हेही सोडलंस?"

"तिथं उंदीर माझ्यापेक्षा सीनियर आहेत, आई."

"मग जा. आणि पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

तो बुटांत पाय सरकवत होता. नाड्या त्याने कधी बांधल्याच नाहीत. दारातून म्हणाला, "नाही दाखवत. पाठमोरा येईन."

आई हसली असणार, असं ताईला नंतर वाटत राहिलं. आई म्हणायची, नाही हसले. या एका गोष्टीवर दोघींचं कधी एकमत झालं नाही आणि बाकी बोलण्यासारखं फारसं उरलं नाही. तो आला नाही. पोलिसांनी फोटो ठेवून घेतला. नातेवाइकांनी चौकशा केल्या, मग चौकशा करणं त्यांनाच अवघड वाटू लागलं, मग ते यायचे थांबले.

त्याची एक गोष्ट मात्र ताईकडे होती.

विभागात यंत्र नवीन आलं तेव्हा तो डोकेदुखीने हैराण असायचा. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला टेबलावर आडवं केलं आणि डोक्याचे काप घेतले. दुखण्याचं कारण काही सापडलं नाही. पण भुवयांच्या वर, कपाळाच्या हाडात, हवेची एक पोकळी असते. ती बहुतेकांना असते, आणि दोघांची सारखी नसते. बोटांच्या ठशासारखीच, फक्त ती हाडाच्या आत असल्याने मालकाने तिला कधी पाहिलेलं नसतं. धाकट्याची पोकळी उजवीकडे जेमतेम होती, वाटाण्याच्या दाण्याएवढी. डावीकडे ती तीन ठिकाणी फुगून वर चढली होती, पावसाळी ढग डोंगराच्या कडेवर चढावा तशी.

"तुझ्या डोक्यात हवा गेलीय," तिने त्याला पडदा दाखवत सांगितलं.

"आई रोज तेच सांगते," तो म्हणाला. "आणि तिला मशीनसुद्धा लागत नाही."

ते चित्र कॉम्प्युटरमध्ये राहिलं. तो गेल्यावर घरात त्याचे चार शर्ट होते, एक पट्टा होता आणि कॅमेऱ्याकडे न बघणारे काही फोटो होते. कातडीच्या आतला तो एवढाच होता.

शरीररचना शिकवणारे एक प्राध्यापक होते, त्यांना सगळे कवटीवाले सर म्हणत. त्यांनी अभ्यास काढला होता: सीटी स्कॅनवरून कवटीच्या हाडांची मोजमापं घ्यायची. हाड कुठे किती जाड, कानामागे कसं, डोळ्याच्या खोबणीत शिरणारी भोकं केवढी, पोकळ्या कशा. पुस्तकांतले आकडे कुठल्या तरी दूरच्या माणसांचे होते. इथल्या माणसांचे कुणी घेतलेच नव्हते. जिवंत माणसाला विनाकारण किरणांखाली घालता येत नाही. म्हणून ते बेवारस प्रेतांच्या, स्वच्छ केलेल्या कवट्या मागवत. शवागारातले काका त्या फळांच्या खोक्यातून आणायचे, प्रत्येक कवटी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"आजचा माल नाजूक आहे, ताई," काका म्हणायचे. "हळू हाताळा. एकाला तर दात एवढे सुंदर आहेत, जाहिरातीत शोभला असता."

काकांना धाकट्याचं माहीत होतं. सरांना नव्हतं. कवटी यंत्रातून गेली की ताई पडद्याच्या अर्ध्या भागात तिचं कपाळ उघडायची आणि उरलेल्या अर्ध्या भागात धाकट्याचं. काका तोवर वर्तमानपत्राच्या घड्या सारख्या करत उभे राहायचे. ती मान हलवायची, मग ते पुढची कवटी उघडायचे. हे ती का करते, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तो सापडावा असं तिला वाटत नव्हतं. तो इथे सापडू नये, एवढ्यासाठी ती बघत होती.

एकदा न राहवून तिने हे आईला सांगितलं. सांगायला नको होतं. तेव्हापासून ती घरी पोचली की चपला काढायच्या आत आई विचारायची, "आजचा आपला नाही ना?"

"आपला नाही."

"मग कुणाचा तरी असेल," आई म्हणायची, आणि उठून चहा ठेवायची. कवट्या आल्या नसतील त्या दिवशीही विचारायची. त्या दिवशीही तेच उत्तर चालायचं.

ती कवटी आली तो दिवसही नेहमीसारखाच होता. काका आत टेबलाशी होते, ताई काचेमागे कॉम्प्युटरवर. जिवंत डोक्याला मान असते, खांदे असतात. ते टेबलावरच्या खोबणीत नीट बसतं. नुसती कवटी घरंगळते. काका तिच्याखाली कापडाची चुंबळ देत. या कवटीचा मागचा भाग फुटलेला होता, ती चुंबळीवरही बसेना. शेवटी काकांनी ती उलट दिशेने ठेवली, टाळू बाहेरच्या बाजूला आणि मान तुटलेली बाजू यंत्राच्या गोल कड्याकडे, आणि दोन्ही बाजूंनी कापूस खोचला.

पडद्यावर चेहरा खाली डोकं वर पाय असा आला. हनुवटीकडची बाजू वर, कपाळ खाली.

"काका, उलटी आली."

"सरळ बसत नाहीये, ताई. तुमच्या मशीनमध्ये उलटवा की."

तिने उलटवली.

इथेच ते झालं. कॉम्प्युटरवर दोन बटणं शेजारी शेजारी होती. एक चित्र फिरवायचं, दुसरं चित्र उलटवायचं. टेबलावरचा कागद गोल फिरवला तर अक्षरं वाचता येतात. तोच कागद पालथा करून उजेडासमोर धरला, तर वरचं खाली जातं खरं, पण अक्षरं आरशातली होतात. आपल्या बोलण्यात मात्र दोन्हींना एकच शब्द आहे. शर्ट उलटा घातला म्हणतात आणि फोटो उलटा टांगला म्हणतात. कुणाचा कधी घोटाळा होत नाही, कारण शर्ट आणि फोटो डोळ्यांसमोर असतात. कवटीचंही एरवी बिघडलं नसतं. दोन्ही बाजू जवळपास सारख्याच. डावीची उजवी झाली तर मोजमापात काही फरक पडत नाही.

चेहरा सरळ झाला. तिने कपाळ उघडलं.

तीन फुगवटे. डोंगराच्या कडेवर चढलेला ढग. शेजारी वाटाण्याएवढी फट.

काकांची घडी अर्ध्यावर थांबली. ताईने पडद्याच्या कोपऱ्यातलं अक्षर वाचलं. ढगाच्या बाजूला "उजवी" अशी खूण होती. यंत्राला सांगितलं होतं की डोकं नेहमीसारखं ठेवलंय, आणि यंत्र सांगितलेलं खरं मानतं. तिने पुन्हा वाचलं. धाकट्याची डावी, ही उजवी. जगात कुठेही तिचं डावं-उजवं चुकत असेल, पडद्यासमोर ते कधी चुकलं नव्हतं. तिचा तेवढाच एक अभिमान होता.

"बाजू दुसरी आहे," ती म्हणाली, आणि मोठ्याने हसली. त्या खोलीत असं कुणी हसलेलं काकांनी ऐकलं नव्हतं. तेही हसले. "जीव काढलात की हो, ताई," ते म्हणाले आणि कवटी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले.

त्या संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. नुसतं "आपला नाही" तिला पुरेना.

"अगं, हुबेहूब होतं. तेच तीन फुगवटे. माझ्या तर काळजाचं पाणी झालं. पण उजवीकडे. आपल्याचं डावीकडे आहे."

आई त्या दिवशी चहा ठेवायला उठली नाही. मग म्हणाली, "म्हणजे इतकं सारखं असूनही तो नव्हता."

"नव्हता."

दुसऱ्या दिवशी आईने त्याचे चार शर्ट धुतले आणि इस्त्रीला दिले. भेटेल त्या नातेवाइकाला, शेजारणीला, दुधवाल्यालाही ती सांगायची: "देवाने अगदी दारापर्यंत आणून परत नेलं. बाजू दुसरी निघाली." पुढे वर्षानुवर्षं तिला धीर द्यायला हे एवढं पुरलं. ज्या अर्थी इतका सारखा दिसूनही तो नव्हता, त्या अर्थी तो कुठेतरी आहे, असं तिच्या मनाने घट्ट धरलं. ताईनेही हळूहळू तेच धरलं. त्या दोन खोल्यांत जी काही आशा होती ती एका चुकीच्या बटणावर उभी होती, आणि ती चांगली भक्कम होती. तिच्यावर दोघींनी संसार केला.

आईच्या डोळ्यांत पडदा वाढत गेला. ती दाराशी लोखंडी खुर्ची टाकून बसायची आणि जिन्यावरची पावलं ऐकायची. नाड्या न बांधलेल्या बुटांचा आवाज कसा असतो ते तिला पाठ होतं.

कवटीवाले सर निवृत्तीला आले तेव्हा त्यांनी सगळा अभ्यास पुस्तकात घालायचं ठरवलं. एका पानावर कवटीचा साधा फोटो, समोरच्या पानावर सीटीचं चित्र. फोटो त्यांनी त्या त्या वेळी स्वतः काढून ठेवले होते. एके सकाळी ते दोन कागद नाचवत ताईकडे आले. ते खुशीत होते. पुस्तकाने त्यांना तरुण केलं होतं.

"ताई, हे काय आहे? हा गृहस्थ आरशात बघतोय का?"

"काय झालं, सर?"

"दात बघा. फोटोत वरचा सुळा तुटलाय तो उजवा. तुमच्या चित्रात डावा. एक तर याने मेल्यावर दात बदलला, नाहीतर तुम्ही चित्र उलटवलंत. तेव्हा ही सरळ बसत नव्हती वाटतं?"

तिने कागद हातात घेतले. खालचा क्रमांक बघायची गरज नव्हती. फोटोतल्या कवटीचा मागचा भाग फुटलेला होता आणि दोन्ही बाजूंना कापूस होता.

"जाऊ द्या हो," तिचा चेहरा बघून सर म्हणाले. "एवढ्या कामात एखादं चित्र उलटं जायचंच. जग काही बुडालं नाही. दुपारपर्यंत नीट करून द्या म्हणजे झालं."

तिने दुपारपर्यंत नीट करून दिलं. आधी उलटवलेलं परत मागे घेतलं. चेहरा पुन्हा खाली डोकं वर पाय झाला. मग फिरवला. ढग कपाळाच्या एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथे स्थिर झाला. तिने शेजारी धाकट्याचं जुनं चित्र उघडलं. पहिला फुगवटा. दुसरा, किंचित आत दबलेला. तिसऱ्याच्या आतला तो पातळ हाडाचा पडदा, अर्ध्यावर तुटलेला. वाटाण्याची फट. कुठेही काही चुकत नव्हतं. तो पाठमोरा आला होता. म्हणाला होता तसाच आला होता, आणि तिने त्याला ओळखलं नव्हतं.

रडू आलं नाही. पुढचा पेशंट बाहेर बाकावर बसला होता. तिने त्याला आत घेतलं, कानातलं काढून ठेवायला सांगितलं, श्वास धरायला सांगितला.

मग ती शवागारात गेली. काका आता फारसे वाकत नसत, खुर्चीवर बसूनच इतरांना कामं सांगत.

"काका, सरांच्या अभ्यासातल्या त्या जुन्या कवट्या कुठे असतात?"

"जुन्या म्हणजे?"

"मागून फुटलेली होती एक. कापूस खोचून बसवली होती तुम्ही."

"मी बसवली होती? असेल. अहो, किती बसवल्या." त्यांनी डोकं खाजवलं. "त्या वेळच्या सगळ्या पालिकेने पुरल्या, ताई. इथेच पाण्याच्या पंपाच्या मागे मोठा खड्डा केला होता. सगळ्या एकत्र घातल्या. वेगळी कुठली काय ठेवणार?"

"पंपाच्या मागे."

"हो, म्हणजे आता स्टाफच्या गाड्या लागतात ना, तिथे." ते तिच्याकडे बघत राहिले. "काय हो? सरांना परत हवीय की काय?"

"नाही," ती म्हणाली. "एक चित्र उलटं गेलं होतं. नीट केलं."

संध्याकाळी तिला गाड्यांमधून वाट काढत जावं लागलं. रोजचाच रस्ता. सिमेंटवर पिवळ्या रेघा होत्या, एका रेघेत कुणाची तरी मोटार तिरकी लावलेली, आणि ड्रायव्हर पाय बाहेर टाकून झोपला होता. ती थोडा वेळ थांबली. कुठे बघावं ते कळेना, म्हणून तिने सगळ्या जागेकडे सारखंच बघितलं.

घरी दार उघडंच होतं. आई खुर्चीवर.

"आलीस? आजचा आपला नाही ना?"

ताईने चपला काढल्या. तिने वाटेत ठरवलं होतं की सांगायचं. आईचं वय झालं होतं. आई गेल्यावर सांगायला कुणी उरणार नव्हतं, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय तो मेलेला होईना.

"आई, तो आपलाच होता."

"कोण?"

"तो मागचा. बाजू दुसरी होती तो. चित्र मी उलटवलं होतं. फिरवायचं होतं, मी उलटवलं. बाजू दुसरी नव्हती गं. डावीच होती."

आईचे डोळे दाराकडेच होते. तिला ताई दिसत होती ती बहुतेक एक सावली म्हणून.

"तेव्हा तू उजवी म्हणालीस."

"चुकले होते."

"आणि आता डावी म्हणतेस."

"हो."

"तुझं डावं-उजवं लहानपणापासून असंच आहे," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. उलट, थकलेल्या मुलीची समजूत काढावी तशी ती बोलत होती. "तो काय म्हणायचा? ताईचं तोंड ऐकू नका, हात बघा. दाखव, हात दाखव."

ताईने हात पुढे केले. आईने ते धरले, तळव्यांवरून बोटं फिरवली, एकेक बोट चाचपलं. हातांत काही नव्हतं. एवढंसं हाड नव्हतं, एक दात नव्हता. पंपाच्या मागच्या सिमेंटची धूळसुद्धा त्यांना लागलेली नव्हती.

"बघ," आई म्हणाली. "काही नाही."

"आई, मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून..."

"तेव्हाही ठेवली होतीस." आईने हात सोडले आणि खुर्चीच्या कडेला धरून उठली. "दमलीस तू. बस. चहा ठेवते."

आत स्टोव्हचा आवाज झाला. ताई बसून राहिली. समोरच्या भिंतीवर पाइपातून पाणी झिरपत होतं. आपण आणखी काय सांगू शकतो ते तिने शोधून पाहिलं. तिच्याकडे फक्त डोळे होते, आणि ते एकदा चुकले होते. त्या चुकीवर आई इतकी वर्षं जगली होती आणि दुरुस्तीवर तिला एक दिवस जगता आलं नसतं. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. आतला स्टोव्हचा आवाज लगेच बारीक झाला. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली, मग तो पुन्हा मोठा झाला.

सरांचं पुस्तक निघालं. त्यातलं ते चित्र नीट होतं.

कवट्या अजून येतात. सरांच्या जागी आलेल्या बाईंनी अभ्यास पुढे चालवला आहे. ताई त्या टेबलावर ठेवते, कापूस खोचते, काचेमागे जाते. पडद्याचा दुसरा अर्धा भाग आता ती उघडत नाही. संध्याकाळी जिना चढून येते, तेव्हा दाराशी खुर्ची असते.

"आजचा आपला नाही ना?"

"आपला नाही," ती म्हणते. आता हे उत्तर कधीच चुकणार नाही.